थर्मासवाल्या मॅडम

मॅडम पहिल्यांदा आमच्या तिरोड्याच्या घरी आल्या, आईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला, आणि त्यांनी पिशवीतून स्वतःचा थर्मास काढला. झाकणात स्वतःचा चहा ओतून एक घोट घेतला. मग आईच्या कपातला एक घोट. मग पुन्हा स्वतःचा. डोळे मिटून जरा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "साखर जास्त आहे."

आमच्या गल्लीत आईच्या चहाला नाव आहे. अद्रक कुटून घालते आणि शेवटी दोन पानं तुळशीची. लोक कामं काढून येतात तो चहा प्यायला. मॅडम गेल्यावर स्वयंपाकघरात भांडी अशी आदळायला लागली की बाबा पेपर घेऊन मागच्या अंगणात जाऊन बसले.

"पाहुणी म्हणून आली अन् घरून चहा घेऊन आली!" आई म्हणाली. "अशी बाई तुले शिकवून राहिली? काय शिकवते, बेशरमपणा?"

आता आईला काय सांगू, की तो अपमान नव्हता, ती पद्धत होती!

मॅडम मूळच्या गोंदियाजवळच्या मुर्रीच्या. पिढ्यान्‌पिढ्या तलाव-बोड्या, म्हणजे मोठी-लहान तळी, बांधणाऱ्या घराण्यातल्या. शिकता शिकता पार चिलीच्या डोंगरावरच्या दुर्बिणींपर्यंत गेल्या, अर्धं आयुष्य तिकडे काढलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर सरळ मुर्रीला परत येऊन स्वतःच्या धानाच्या शेताजवळ राहायला लागल्या. "आमच्या घराण्यानं पाणी अडवलं, मी उजेड अडवला," असं म्हणायच्या. सुती साडी, पायात पुरुषी बूट, डोक्यावर क्रिकेटवाल्यांसारखी टोपी. मी गोंदियाच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत होते आणि पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधत होते. कागदावरचे गाइड नागपूरला होते. खरं शिकवलं मॅडमनी.

विषय त्यांचाच. काही तारे नुकते जन्मलेले असतात, आपल्या सूर्यापेक्षा पुष्कळ तापट, आणि त्यांच्याभोवती धुळीचं कडं असतं. त्याच धुळीतून पुढे ग्रह बनतात. ते कडं तसंच राहत नाही, बदलत राहतं. मॅडमचं म्हणणं असं की त्यात एखादा भाग जास्त उजळ असतो, आणि तो उजळ डाग ताऱ्याभोवती फिरतो. नोकरीत असताना त्यांनी हे पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा लोक हसले होते. नोकरी संपली तरी ते सिद्ध झालं नव्हतं.

अडचण एवढीच, की हे कडं आपल्याला दिसतं किती? तर गोंदियात बसून रायपूरच्या माणसाच्या तळहातावरचा तांदळाचा दाणा पाहायचा, आणि वर सांगायचं की त्याची कोणती बाजू जास्त चमकते. एका दुर्बिणीचं ते काम नाही. चार दुर्बिणी लांब लांब उभ्या करायच्या, चौघींनी धरलेला उजेड एका जागी आणून एकमेकांत मिसळायचा, आणि त्यातून जे उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात त्यावरून आकार ओळखायचा.

हे मला समजेना, तेव्हा मॅडमनी मला त्यांच्या शेतामागच्या बोडीत गुडघाभर पाण्यात उभं केलं. दोन्ही हातांत दोन बांबू दिले आणि ते वरखाली करायला लावले. दोन्हीकडून लाटा निघाल्या, एकमेकींना भेटल्या, आणि मधे काही जागी पाणी अगदी गप्प उभं राहिलं.

"ते गप्प पाणी पाय," त्या काठावरून ओरडल्या. "त्याच्यावरून सांग, बांबू किती दूर आहेत!"

"मॅडम, बांबू माझ्याच हातात आहेत!"

"हात चालव, तोंड नको चालवू!"

बांधावरून धुणं घेऊन चाललेल्या एका बाईनं विचारलं, "मॅडम, मासे लागले का?"

"नाही वं," मॅडम म्हणाल्या. "तारे धरून राहिली."

ती बाई मान हलवून निघून गेली. मुर्रीत मॅडमच्या बोलण्याचं कोणी मनावर घेत नसे.

आता त्या थर्मासचं. दुर्बिणीच्या वरची हवा हलत असते, आरसे तापतात, यंत्राची स्वतःची नाटकं असतात. म्हणून आपला तारा पाहण्याआधी जवळचा एक साधा, एकटा, ओळखीचा तारा पाहायचा, ज्याचा आकार आधीपासून माहीत आहे. तो वाकडा दिसला तर तो वाकडेपणा यंत्राचा आणि हवेचा. तेवढा वजा करायचा. मग आपला तारा पाहायचा. मग पुन्हा ओळखीचा, मधल्या वेळात काही बिघडलं नाही ना याची खात्री म्हणून. आधी ओळखीचं, मग अनोळखी, मग पुन्हा ओळखीचं. हा धंद्याचा पहिला नियम. आमच्या लाइनीतले बाकी लोक तो दुर्बिणीपाशी ठेवून घरी जातात. मॅडमनी तो घरी आणला.

गोंदियाच्या बाजारात तांदूळ घ्यायला गेल्या की पदराच्या टोकाला स्वतःच्या शेतातले तांदूळ बांधलेले असत. आधी ते चार दाणे चावायचे, मग दुकानातले, मग पुन्हा आपले. दुकानदार वैतागून म्हणायचा, "मैडमजी, चावल लेने आए हो कि रिश्ता देखने?"

आणि रिश्ता पाहायची वेळ आली तेव्हा त्यांनी तेच केलं! माझं लग्न ठरत होतं. मुलाला भेटा म्हटलं, तर म्हणाल्या, "त्याले एकट्याले पाहून काय समजते? आधी तुझ्या भावाले बसव, मंग त्याले, मंग पुन्हा भावाले." आणि खरंच बसवलं हो! माझा भाऊ मुलखाचा घुम्या, विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. त्याला पाच प्रश्न, मग माझ्या होणाऱ्या नवऱ्याला तेच पाच, मग पुन्हा भावाला. तो बिचारा नवरामुलगा घामाघूम. निकाल आला, "मुलगा बरा आहे, पण जरा गोड बोलते." आईनं कपाळावर हात मारला. नवरा अजून ते वाक्य विसरला नाही. घरात भांडण झालं की म्हणतो, "मी गोड बोलतो, मॅडमचं सर्टिफिकेट आहे."

शिकवताना मात्र त्या कडक. "डाग दिसला" असं म्हटलं की उसळायच्या. "दिसला? कोणत्या डोळ्यानं पाहिला? आकड्यावरून अंदाज केला म्हण." संगणकावरच्या चित्राला मी चुकून फोटो म्हटलं, तर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. खगोलवाले रात्री जागतात असं लोकांना वाटतं. मॅडमचं सगळं काम दिवसा, खाटेवर लॅपटॉप ठेवून. दुर्बिणींनी गोळा केलेली माहिती वर्षभरानं सगळ्यांसाठी खुली होते, ती उतरवून घ्यायची आणि बसायचं. "रात्र झोपेसाठी असते," म्हणायच्या. लाइट गेली की तेवढ्या वेळात कोंबड्या मोजून यायच्या.

आमच्या ताऱ्याची दोन वेगवेगळ्या वर्षांची माहिती मिळाली. पहिल्या वर्षी उजळ डाग कड्याच्या एका बाजूला. दुसऱ्या वर्षी जवळजवळ समोरच्या बाजूला! मी ते चित्र पाहिलं आणि खाटेवरून उठून नाचले. मॅडम नाचल्या नाहीत, पण टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांनी टोपी काढलेली मी तोवर पाहिली नव्हती.

"फिरला," मी म्हटलं.

"फिरला असावा," मॅडम म्हणाल्या. टोपी मात्र मांडीवरच राहिली.

माझा प्रबंध त्या एका प्रकरणावर उभा होता. विद्यापीठाची मुदत एकदा वाढवून घेतली होती, पुन्हा मिळण्याची आशा नव्हती. आईनं "पोरीला तारा सापडला" असं गल्लीत सांगून टाकलं होतं. आणि मॅडमसाठी तर ती हयातभराची गोष्ट होती. ज्यांनी हसून टाकलं होतं, त्यांना दाखवायची.

मग एक दिवस मी बारावीला ग्रहांच्या गतीचे नियम शिकवत होते. जितका दूर, तितका हळू. फळ्यावर लिहिता लिहिता माझा खडू थांबला. आमच्या कड्यातली धूळ ताऱ्यापासून ज्या अंतरावर होती, तिथून ती इतक्या वेळात समोरच्या बाजूला पोचूच शकत नव्हती. बारावीचं गणित! पोरं म्हणाली, "मॅडम, तबियत खराब आहे का?" मी म्हटलं, हो, आणि खरंच खराब झाली होती.

घरी येऊन सगळं तपासलं. संगणकाचा प्रोग्राम तपासला, हवेची नोंद पाहिली, माझी बेरीज-वजाबाकी पाहिली. सगळं ठीक. उरली फक्त शहाणी.

शहाणी म्हणजे आमचा ओळखीचा तारा. दुसऱ्या वर्षी आमच्या ताऱ्याच्या आगेमागे तिलाच पाहिलेलं होतं. मॅडमनी तरुणपणी ती निवडली होती. साधी, एकटी, कधी त्रास न देणारी. मॅडमच्या शब्दावर जगभरातले लोक ती वापरायला लागले. मॅडम तिला आपल्या घरातल्या थोरल्या पोरीसारखं "आपली शहाणी" म्हणायच्या. जगातल्या प्रत्येक गोष्टीला थर्मास लावणारी ही बाई, पण शहाणीवर कोणी शंका घेतली तर पायातला बूट काढायची बाकी ठेवत नसे.

ज्या रात्री आमचा तारा पाहिलेला होता त्याच रात्री, त्याच दुर्बिणींवर दुसऱ्या कोणीतरी त्यांचा एक वेगळा ओळखीचा तारा पाहिला होता. तीही माहिती खुली होती. मी काय केलं, तो तारा ओळखीचा धरला आणि शहाणीला अनोळखी. तिची साक्ष काढली म्हणा ना.

शहाणी एकटी नव्हती. तिच्या अगदी अंगाला लागून दुसरा एक मंद तारा होता. त्याचा वाकडेपणा आम्ही यंत्राचा समजून वजा करत होतो, आणि तो जाऊन बसत होता आमच्या कड्यावर, दुसऱ्या वर्षीचा समोरच्या बाजूचा डाग होऊन.

ऑटोनं मुर्रीला निघाले. प्रबंध गेला याचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त भीती ही, की या बाईला हे सांगायचं कसं? मॅडम अंगणात खाटेवर बसून मुरमुरे खात होत्या.

"मॅडम, शहाणीला तपासलं."

"कायले?"

"डाग फार जोरात पळाला म्हणून."

"मंग शहाणीचा काय संबंध? कॉम्प्युटर पाय. हवा पाय. तुझं डोकं पाय."

"सगळं पाहिलं."

"डोकंबी?"

"डोकंही."

त्यांनी मुरमुऱ्यांची वाटी बाजूला ठेवली. "माझ्यासमोर कर," म्हणाल्या. मी केलं. आधी तो दुसरा तारा, मग शहाणी, मग पुन्हा दुसरा. त्या म्हणाल्या, "पुन्हा कर." पुन्हा केलं. तेच. मग उठल्या, बूट न घालताच शेतातून चालत बोडीच्या बांधावर गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

मी मागून गेले. त्यांचे खांदे हलत होते. देवा, मी या बाईला रडवलं, असं वाटून मलाच रडू फुटलं. तर त्या वळल्या, आणि त्या हसत होत्या! डोळ्यांतून पाणी, आणि हसणं थांबत नाही.

"माय वं! इतकी वर्षं एकटी म्हणून मिरवली, अन् घरात जोडीदार लपवून बसली होती!"

मग बांधावर बसल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मले वाईट वाटून राहिलं वं. तिच्यावर माझा लय जीव होता." मग पुन्हा, "साऱ्या जगाची साक्ष काढली, हिची नाही काढली. काऊन? तर ओळखीची होती."

"माझं प्रकरण गेलं, मॅडम," मी म्हटलं.

"गेलं नाही. छाटलं. पाहू काय उरते."

शहाणीला काढून टाकलं आणि सगळं नव्यानं बसवलं. पुष्कळ दिवस गेले त्यात, मुदत संपता संपता काम झालं. समोरचा डाग पुसला गेला, पण खरा उजळ डाग दोन्ही वर्षी होता. तो सरकलाही होता, पण थोडासाच, जेवढा त्या अंतरावरच्या धुळीनं सरकायला पाहिजे तेवढा. आम्ही म्हणत होतो तसा समोर उडी मारून गेला नव्हता. मॅडमनी ते चित्र पाहिलं, आणि या वेळी टोपी डोक्यावरून न काढता नुसती मागे सरकवली. "हे बरं आहे. हे पटते," म्हणाल्या. जगभर जे जे शहाणी वापरत होते त्या सगळ्यांना त्यांनी स्वतः कळवलं की तिच्यावर भरवसा ठेवू नका, निवड माझी होती, चूकही माझीच. मी म्हटलं, माझ्या नावानं कळवू का? तर म्हणाल्या, "शोध तुझ्या नावानं लिही. चूक माझ्या नावानं राहू दे."

त्यानंतर मॅडम जरा बदलल्या. बाजारात पदराची गाठ सोडायच्या, आपले तांदूळ हातावर घेऊन त्यांच्याकडेच संशयानं पाहत राहायच्या. एकदा तिरोड्याला आल्या, आणि सरळ स्वयंपाकघरात आईपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"चहात साखर किती टाकता?"

"तुमच्या हिशोबानं जास्त," आई मागे न पाहता म्हणाली.

आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. मला बाहेर घालवलं. पण बऱ्याच वेळानं दोघी हसत बाहेर आल्या, आणि आईनं मॅडमला डब्यात अनरसे भरून दिले, म्हणजे मामला मिटला होता हे नक्की. दोघींनाही विचारलं, दोघींनीही ताकास तूर लागू दिली नाही.

प्रबंधाची तोंडी परीक्षा नागपूरला होती. मी आदल्या दिवशीच मावशीकडे जाऊन राहिले. मॅडम सकाळच्या गाडीनं गोंदियाहून आल्या. बाहेरून आलेले परीक्षक मोठे विद्वान होते आणि चेहरा असा, की वाटावं, सकाळपासून यांना कोणी हसून बोललं नाही. त्यांनी शेवटी नेमका मला नको होता तोच प्रश्न विचारला.

"तुमचा पहिला ओळखीचा तारा जोडीचा निघाला. मग ज्याच्या जोरावर तुम्ही तो पकडला, तो दुसरा तारा एकटाच आहे हे कशावरून?"

मी मागे वळून पाहिलं. मागच्या खुर्चीवर मॅडम खिडकीबाहेर पाहत बसल्या होत्या, जशा काही या गावच्याच नाहीत.

"खात्रीनं सांगता येणार नाही, सर," मी म्हटलं. "त्याला तिसऱ्याशी ताडून पाहिलं, तेव्हा एकटा वाटला. तिसऱ्याला अजून कोणाशी ताडलेलं नाही."

परीक्षक पहिल्यांदा हसले. "हे उत्तर लिहून ठेवण्यासारखं आहे," म्हणाले, आणि हात पुढे केला. अभिनंदन, डॉक्टर.

मग चहा आला. विद्यापीठाचा, कागदी कपातला. आणि सगळ्यांसमोर मॅडमनी पिशवीतून थर्मास काढला! मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. झाकणात ओतून एक घोट. कागदी कपातला एक घोट. पुन्हा झाकणातला. डोळे मिटले.

"फिक्का आहे," म्हणाल्या.

मी चमकले. इतक्या वर्षांत मॅडमनी कुठल्याही चहाला फिक्का म्हटलं नव्हतं. तिरोडा, गोंदिया, स्टेशन, कॉलेज, सगळीकडे एकच निकाल असायचा, साखर जास्त. त्यांनी झाकण माझ्यापुढे धरलं. "घे."

अद्रक. तुळस. आणि आमच्या घरची साखर.

"मॅडम, हा तर..."

"तुझ्या मायनं तिरोड्याच्या टेशनावर खिडकीतून देल्ला. मी थर्मास रिकामाच आणला होता." त्या जरा खालच्या आवाजात बोलायला लागल्या. "तिकडे डोंगरावर कितीदा साखर संपायची. बिनसाखरेचा पेता पेता सवय झाली, अन् विसरून गेली. माझाच चहा फिक्का होता वं. सारा गाव उगाच गोड ठरवला."

मला हसू आलं, आणि मग मी तिथे सगळ्यांसमोर त्यांच्या गळ्यात पडून रडले. परीक्षक कागदी कप घेऊन भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. मॅडम माझ्या पाठीवर थापटत म्हणत होत्या, "थर्मास सांडशील, पोट्टी."

आता मॅडम रायपूरला भाचीकडे असतात आणि भाचीच्या नवऱ्याला पिडतात, असं ऐकते. त्या दिवशी मात्र मी बाहेर येऊन आधी आईला फोन लावला.

"आई, झालं! पास झाले!"

"बरं झालं वं, बाई," आई म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. मग लगेच, "अन् चहाचं काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, इथला फिक्का आहे. तुझा ओळखीचा धरून सांगितलं."

मग आई म्हणाली, "पुढच्या वेळी घरी येतील तेव्हा सांगजो त्याइले, थर्मास रिकामाच आणजा म्हणाव."